एका हातावर पाच औषधं: भाजलेली जखम, मध आणि मलमांची गर्दी

एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या माझ्या दवाखान्यात एक काकी आल्या. वय ५८, मधुमेह नऊ वर्षांचा. उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळलेला. सोबत सून. तिनं पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली: मधाची काचेची बरणी, सिल्व्हर सल्फाडायझिनची ट्यूब (भाजल्यावर लावायचं, चांदी असलेलं पांढरं मलम), हळदीची डबी, भुरभुरायची अँटिबायोटिक पावडर आणि पोव्हिडोन आयोडिनची लहान बाटली.

"डॉक्टर, काही म्हणून कमी केलं नाही आम्ही," ती म्हणाली. "तरी पू थांबत नाही."

तिचं म्हणणं खरं होतं. घरात कुणीच हलगर्जी केली नव्हती. त्या पाच वस्तूंपैकी चारांना जंतू मारणारं औषध म्हणून मान आहे आणि पाचवी, हळद, आपल्या प्रत्येकाच्या लहानपणीची. चुकलं होतं ते एवढंच की पाचही एकाच जखमेवर, एकावर एक, दिवसातून दोनदा. दोन चांगली औषधं एकत्र लावली की त्यांचा गुण दुप्पट होतो असं आपण गृहीत धरतो. मधाच्या बाबतीत ते गृहीतक फार लवकर फसतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. काकींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

सहा दिवसांत काय काय झालं

काजूचा हंगाम भरात होता. घरच्या भाटीवर हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची दारू, काढणं चालू होतं. मंगळवारी दुपारी भाणाच्या, म्हणजे रस उकळायच्या भांड्याच्या, तोंडाशी लिंपलेली माती एका बाजूनं सुटली आणि वाफेचा झोत काकींच्या हातावर आला. त्यांनी कळशीतलं पाणी तांब्याभर ओतलं, पदरानं टिपलं आणि घरात जाऊन मध लावला. मध घरच्याच पेटीतला, सातेरी माशीचा. (आमच्याकडे सातेरी हे ग्रामदेवतेचंही नाव. त्यामुळे त्या मधावरचा विश्वास हा नुसत्या औषधावरचा विश्वास नसतो. हे ध्यानात न घेता बोललं की माणसं दुखावतात.)

बुधवारी फोड फुटले. घरातलं कुणीतरी बाजारात गेलं आणि औषधाच्या दुकानातून भाजल्यावरचं पांढरं मलम घेऊन आलं. ते मधावरच लावलं. गुरुवारी शेजारणीनं हळद सुचवली. शुक्रवारी वास यायला लागला म्हणून पावडर. रविवारी कुणीतरी म्हणालं, आयोडिननं धुवा. मग आयोडिनचा बोळा फिरवून पुन्हा मध, मलम, हळद, पावडर. आधीचा थर काढायला गेलं की काकी कळवळायच्या, म्हणून तो कधी काढलाच नाही.

पहिल्या तासाबद्दल इथंच सांगते. भाजल्यावर वाहत्या थंड पाण्याखाली हात २० मिनिटं धरायचा असतो. भाजून तीन तास होईपर्यंत केव्हाही हे केलं तरी उपयोग होतो. तांब्याभर पाण्यानं त्वचेच्या आत शिरलेली उष्णता निघत नाही. पहिल्याच मिनिटाला मध लावला तर ते पाणी देणं राहून जातं. काकींचं तेच झालं.

तपासणी

ताप नाही. नाडी ८८. ग्लुकोमीटरवर साखर २८६. जखम साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बोटांसकट पंजाएवढी. रुग्णाचा पंजा हा अंगाच्या सुमारे १ टक्का धरतात. पंजा, बोटं आणि कोपराचा सांधा वाचले होते. यातलं काही भाजलेलं असतं, किंवा जखम हाताभोवती पूर्ण वळलेली असती, तर मी पुढचं काही न करता त्यांना बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पाठवलं असतं.

जखमेवर पिवळट पांढरा, बुळबुळीत, जाड थर होता. पहिल्या नजरेला तो पूच वाटतो. मी आधी पॅरासिटामॉल दिली, अर्ध्या तासानं सलाईननं भिजवलेलं गॉझ थरावर ठेवलं, वीस मिनिटं थांबले आणि मग पापुद्रा कडेनं सोडवत गेले. हे एवढं काम चाळीस मिनिटं चाललं. घाई केली असती तर खालची नवी त्वचाही थराबरोबर आली असती.

त्या थरात पू फार थोडा निघाला. सिल्व्हर सल्फाडायझिन जखमेच्या स्रावाशी मिसळलं की असा खोटा पापुद्रा धरतं; हा त्या मलमाचा जुना, सगळ्यांना माहीत असलेला गुण. त्यात मध, हळद आणि पावडर कालवली गेली होती. सहा दिवस घरचे ज्याला पू समजून आणखी औषध लावत होते, तो मुख्यतः आधीच्या औषधांचाच चिखल होता.

खाली दोन तृतीयांश भाग गुलाबी, ओलसर, दाबला की पांढरा पडून पुन्हा रंग भरणारा आणि हात लावताच दुखणारा होता. दुखणं हे इथं चांगलं लक्षण, मज्जातंतू शाबूत असल्याचं. कोपराकडे मात्र ३ बाय २ सेंटिमीटरचा एक डाग फिकट, कोरडा आणि जवळजवळ बधिर. तिथं भाजणं खोल गेलं होतं.

भोवतीच्या लालीनं मला सगळ्यात जास्त वेळ घेतला. मनगटाकडची लाली खाजत होती, तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे फोड होते, आणि ती जखमेच्या कडेला धरून नव्हती. पावडर जिथं जिथं सांडली तिथं तिथं ती पसरली होती. काकींना विचारलं, ही पावडर पूर्वी वापरली आहे का? "कायम. कोयता लागला, काटा रुतला, की तीच." पावडरीत निओमायसिन होतं. वर्षानुवर्षं अधूनमधून वापरून शरीराला त्याची ओळख पटते आणि मग एक दिवस त्वचा त्याच्याविरुद्ध उठते. ही ॲलर्जी होती, संसर्ग नव्हे. कोपराकडची लाली निराळी: अरुंद, गरम, दाबली की दुखणारी. तिच्या कडेनं मी पेनानं रेघ ओढली आणि वेळ लिहिली. हळदीचा पिवळा रंग धुऊन काढला नसता तर या दोन लाल्या एकमेकींपासून ओळखूच आल्या नसत्या. जखमेवर हळद नको असं मी म्हणते त्याचं हे सर्वांत व्यवहारी कारण आहे.

दहा वर्षांत धनुर्वाताची सुई घेतलेली नव्हती, ती दिली. जखम धुऊन झाल्यावर स्वॅब घेऊन तपासणीला पाठवला. थर काढण्याआधी घेतला असता तर वरच्या चिखलातले जंतू कळले असते, जखमेतले नाही.

मधाला काम करायला काय लागतं

सुनेनं मला एक रास्त प्रश्न विचारला: "मध चांगला, मलम चांगलं, मग दोन्ही लावलेलं वाईट कसं?"

मध तीन-चार वाटांनी जंतूंवर काम करतो. तो साखरेचा इतका दाट द्राव आहे की त्यात पाणी जेमतेम १७ ते २० टक्के असतं आणि तेही साखरेनं धरून ठेवलेलं. जंतूला प्यायला मिळत नाही. जखमेवर तो खालच्या ऊतींतून लसीका, म्हणजे पातळ द्रव, ओढून घेतो, आणि आतून येणारा हा प्रवाह मेलेला पापुद्रा सुटा करतो. मध आंबट असतो, त्याचा पीएच साधारण ३.२ ते ४.५. आणि माशीनं त्यात घातलेलं ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं.

ही शेवटची वाट मला फार विलक्षण वाटते. बरणीतल्या दाट मधात हे विकर जवळजवळ झोपलेलं असतं. जखमेच्या स्रावानं मध पातळ झाला की ते जागं होतं आणि पेरॉक्साइड थोडं थोडं, तासन् तास सोडत राहतं. त्याचं प्रमाण आपण पूर्वी जखमेवर फेस येईपर्यंत ओतत असू त्या ३ टक्के पेरॉक्साइडच्या सुमारे हजाराव्या भागाएवढं. म्हणून जंतूंना त्रास होतो आणि नव्या पेशी बऱ्याच अंशी वाचतात.

म्हणजे मधाला तीन गोष्टी हव्यात: जखमेशी थेट संपर्क, जखमेतला ओलावा आणि शाबूत विकर. आता काकींच्या हाताकडे पाहा. मलमाच्या खोट्या पापुद्र्यानं संपर्क तोडला. दुसऱ्या दिवसापासून लावलेला मध जखमेला शिवलाच नाही, मलमाच्या थरावर बसून राहिला. पावडर आणि हळदीनं ओलावा शोषून खपली केली. आयोडिन जंतूंना मारतं ते त्यांच्या प्रथिनांवर घाला घालून, आणि मधातलं विकर हेही प्रथिनच आहे. आयोडिनची बाजू घेतली तरी तोटाच: रक्त, पू, साखर-प्रथिनांचा चिखल अशा सेंद्रिय पसाऱ्यात त्याची ताकद लवकर खर्च होते. चांदीचंही तसंच. चांदीचे आयन प्रथिनं आणि क्लोराइडला धरून बसतात. वर पसारा जितका जास्त तितकी जंतूंपर्यंत पोचणारी चांदी कमी. कुणीच कुणाला मदत करत नव्हतं.

बरणी चुलीशेजारच्या फळीवर असायची हेही बोलता बोलता कळलं. हे विकर उष्णतेनं नासतं.

पुरावा कुठपर्यंत जातो

भाजलेल्या जखमेवर मध ही आजीच्या बटव्यातली गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखी नाही. १९९१ साली सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यविशारद डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ रुग्णांचा अभ्यास ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत छापला. निम्म्यांना मध, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन. सात दिवसांत मधाच्या गटात ९१ टक्के जखमा जंतुमुक्त, मलमाच्या गटात अवघ्या ७ टक्के. आपल्या शेजारच्या सोलापुरातून निघालेला हा निबंध जगभर उद्धृत होतो, आणि आपल्याकडच्या कित्येक डॉक्टरांना तो ठाऊक नसतो याचं मला वाईट वाटतं. अर्थात इतका मोठा फरक पाहून थोडं सावधही व्हायला हवं. कुणाला काय लावलंय हे अशा अभ्यासात लपवता येत नाही, आणि पापुद्रा धरणारं, त्वचा भरून यायला उशीर करणारं मलम समोर असेल तर मध उजवा ठरणं सोपं जातं.

कॉक्रेन या उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात २६ चाचण्या आणि ३,०११ रुग्ण एकत्र पाहिले गेले. त्वचेच्या काही थरांपुरत्या भाजलेल्या जखमा मधानं नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात, हा त्यातला भक्कम निष्कर्ष. पायाच्या शिरांच्या व्रणांत फरक दिसला नाही. मधुमेही पायाच्या जखमांबाबत पुरावा तोकडा. काकींना मधुमेह होता, पण जखम हाताची आणि भाजल्याची. म्हणून मी मधाचा विचार केला. हीच जखम तळपायाला असती तर केला नसता.

आता मध आणि दुसरं औषध एकत्र. जोडीनं गुण वाढणं प्रयोगशाळेत नक्कीच घडतं. कार्डिफमध्ये २०१२ साली मनुका मध (न्यूझीलंडच्या मनुका नावाच्या झुडपाचा) आणि ऑक्सासिलिन हे अँटिबायोटिक एकत्र दिल्यावर, ज्या स्टॅफिलोकोकस जंतूवर ऑक्सासिलिन एकटं चालत नव्हतं त्याच्यावर ते पुन्हा चालू लागलं. सिडनीत २०१३ साली मनुका मध आणि रिफाम्पिसिनची जोडी दोघांच्या बेरजेपेक्षा सरस ठरली. २०२३ मध्ये वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी मध आणि ॲसेटिक आम्ल (व्हिनेगरमधलं आम्ल) यांची जोडी जंतूंच्या चिकट थरावर, म्हणजे बायोफिल्मवर, वापरून पाहिली. तिथंही एकेकट्यापेक्षा जोडी कितीतरी प्रभावी.

ही बातमी वाचून गोव्यात कुणाचाही हात माडाच्या व्हिनेगरच्या बाटलीकडे जाईल. कृपा करून तसं करू नका. ते प्रयोग मोजून घेतलेल्या ॲसेटिक आम्लावर आणि निर्जंतुक वैद्यकीय मधावर झाले आहेत. शिवाय यातला मध बहुतेक ठिकाणी मनुका. त्याचं बळ पेरॉक्साइडपेक्षा मिथाइलग्लायॉक्साल नावाच्या द्रव्यावर जास्त असतं. जखमेत पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज नावाचं विकर असतं. ते आपल्या मधाचं बळ कमी करतं, मनुकाच्या मिथाइलग्लायॉक्सालला मात्र हात लावत नाही. सत्तरीच्या रानातल्या फुलांच्या मधाला मनुकाचे निकाल चिकटवता येत नाहीत. आणि काचेच्या ताटलीत दोन्ही औषधं एकाच वेळी जंतूपर्यंत पोचतात. काकींच्या हातावर एक पोचत होतं आणि दुसरं त्याच्या पाठीवर बसून होतं.

मध आणि स्निग्ध पदार्थ ही जोडी मात्र फार जुनी आहे. सुश्रुतानं व्रणावर मध आणि तूप सांगितलं आहे, आणि इजिप्तच्या पपायरसात, म्हणजे प्राचीन लिखाणात, मध, चरबी आणि वनस्पतीचे तंतू आहेत. दोन्हीकडे जोडीदार निवडला तो जंतू मारण्यासाठीच असं मला वाटत नाही. पट्टी चिकटू नये हाही त्यात हेतू असावा.

पहिल्याच दिवशी माझी चूक

इतकं सगळं समजावून मी स्वतः काय केलं ते लिहायला हवं. साखर २८६, कोपराशी खोल डाग, एक दुखरी लाली. मला धीर निघाला नाही. खोल डागावर म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम लावलं आणि वरून सगळ्या जखमेवर मधाचं गॉझ ठेवलं. पाचाचं दोन केलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गॉझ मलमावरून घसरून मनगटाकडे आलं होतं. मध ओघळून चांगल्या त्वचेवर साचला होता आणि ती पांढरी, सुरकुतलेली झाली होती, बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी. खोल डागावर मलम जसंच्या तसं, त्याच्याखालचा मेलेला थर जागचा हललेला नव्हता. जिथं मधाची सर्वांत जास्त गरज होती तिथंच मी त्याला पोचू दिलं नव्हतं. म्युपिरोसिन तिथं काय करणार होतं? मेलेल्या थराच्या खाली ते जात नाही.

भाजल्यापासूनच्या सातव्या दिवसापासून जखमेवर एकच औषध, मध, ठेवायचं ठरवलं.

मग काय केलं

रोज सलाईननं धुणं, बाकी काही नाही. जखमेभोवतीच्या चांगल्या त्वचेवर पेट्रोलियम जेलीची कड, ओघळ थोपवायला. ही जेली जखमेवर येणार नाही याची काळजी. मग मध जखमेवर न ओतता गॉझवर पसरायचा, १० बाय १० सेंटिमीटरच्या पट्टीला साधारण २० मिलिलिटर. ओतलेला मध अंगाच्या उष्णतेनं पातळ होऊन दहा मिनिटांत कोपरातून ठिबकतो. वर शोषून घेणारं जाड पॅड आणि सैल बँडेज. पहिले पाच दिवस रोज बदल, कारण स्राव जास्त होता आणि मध फार पातळ झाला की त्याचं बळ जातं. नंतर एक दिवसाआड.

मध घरचा नाही, गामा किरणांनी निर्जंतुक केलेला, ट्यूबमधला. हे सांगितल्यावर काकींचा चेहरा उतरला. "आमच्या पेटीतला मध. एक थेंब भेसळ नाही त्यात." मी म्हटलं, काकी, भेसळ नाही हे मला मान्यच आहे. पण माशी फुलावर बसते तशी मातीवर, पाण्यावरही बसते. शुद्ध मधातही क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. खाणाऱ्या मोठ्या माणसाला ते बाधत नाहीत. उघड्या जखमेत मी ती जोखीम घेणार नाही. उकळून ते मरणार नाहीत आणि उकळल्यावर मधाचं विकर मरेल. गामा किरणांनी बीजाणू जातात आणि मधाचं बळ टिकतं. शिवाय आमच्या दमट हवेत वारंवार उघडलेली बरणी पाणी ओढते आणि मध आंबायला लागतो. त्यांना हे पटलं की त्यांनी माझा मान ठेवला, ठाऊक नाही, पण बरणी पुन्हा पिशवीत गेली.

मध लावल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं चुणचुणतं, त्यातल्या आम्लामुळे. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण घरी जाऊन पट्टी सोडतो. काकींना मी ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. चार-पाच दिवसांत ती लागेनाशी झाली.

आठव्या दिवशी सकाळी सून चिडलेली आली: रात्रभर मुंग्या. अशा गोष्टी कुठल्याही निबंधात सापडत नाहीत. पूर्वी जेवणाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तसे खाटेचे चारही पाय ठेवायला सांगितले, चादर भिंतीला टेकू द्यायची नाही आणि वरच्या पॅडला मध झिरपला तर ते पॅड सकाळची वाट न पाहता बदलायचं. मुंग्या थांबल्या.

साखरेबद्दल घरात कुजबूज होती की मध लावल्यानं ती वाढते. एवढ्याशा पट्टीतून रक्तातली साखर २८६ होत नाही. मी जेवणाची चौकशी केली. एप्रिलचा शेवट, दारात मानकुराद आंबा, आणि रोज दुपारी दोन. "अर्धा खा, जेवणाबरोबर खा, रोज नको," एवढ्यावर तडजोड झाली, गोळ्यांचा डोस वाढवला आणि दहा दिवसांत उपाशीपोटीची साखर १३०-१४० वर आली. जखम भरण्यात या बदलाचा वाटा मधापेक्षा लहान होता असं मी म्हणणार नाही.

नववा दिवस

मनगटाकडची खाजरी लाली पावडर बंद केल्यावर ओसरत चालली होती. कोपराकडची मात्र माझी पेनाची रेघ ओलांडून दोन सेंटिमीटर वर चढली. अंगात १००.४ ताप. त्याच दिवशी स्वॅबचा अहवाल आला: स्टॅफिलोकोकस ऑरियस, नेहमीच्या औषधांना दाद देणारा.

इथं मधाचा हट्ट धरणं धोक्याचं ठरलं असतं. मध जखमेच्या पृष्ठभागावर काम करतो. त्वचेच्या आत पसरू लागलेला संसर्ग त्याच्या आवाक्यात नाही, आणि कुठल्याही मलमाच्याही नाही. तोंडावाटे सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक सात दिवस सुरू केलं, वरून मध तसाच चालू ठेवला. ही जोडी मात्र मी विचार करून जमवली. एक औषध रक्तातून आलं, दुसरं बाहेरून, कुणी कुणाची वाट अडवली नाही. सुनेला सांगितलं: ४८ तासांत लाली मागे हटली नाही, ताप चढला किंवा काकी सुस्त वाटल्या, तर मला फोन करायलाही थांबायचं नाही, थेट बांबोळी. अकराव्या दिवशी लाली रेघेच्या आत आली आणि ताप गेला.

बाराव्या दिवशी खोल डागावरचा मेलेला थर कडेनं उचलला गेला आणि गॉझबरोबर आपोआप आला. कात्री लागली नाही. वासही गेला होता.

सोळाव्या दिवशी जखम लाल, स्वच्छ, स्राव नगण्य. आता मधाचं काम संपलं होतं. स्राव नसताना मध लावत राहिलं तर जखम कोरडी पडते आणि पट्टी चिकटते. म्हणून मध बंद करून साधं पॅराफिन गॉझ, तीन दिवसांतून एकदा. २३व्या दिवशी खोल डाग सोडून सगळी जखम त्वचेनं झाकली गेली. डाग भरायला पाचवा आठवडा उजाडला. तेवढा वेळ लागणार असेल तर शल्यविशारदाचं मत घ्यायला हवं, म्हणून तिसऱ्या आठवड्याअखेर त्यांना बांबोळीला दाखवून आणलं होतं. डाग लहान आहे आणि कडेनं भरतो आहे, त्वचारोपणाची गरज नाही, असं तिथं ठरलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिला पाऊस होऊन गेल्यावर, काकी शेवटच्या तपासणीला आल्या. कोपर पूर्ण सरळ होत होतं. नवी त्वचा फिकट गुलाबी, कोपराशी जरा जाडसर. खोबरेल तेलानं दिवसातून दोनदा हलका मसाज, उन्हात बाहीचा झंपर, एवढंच सांगितलं. ट्यूबमधला उरलेला मध मी त्यांच्यासमोर टाकून दिला, कारण उघडलेली ट्यूब दुसऱ्या रुग्णाला वापरायची नसते. घरची बरणी चुलीपासून लांब, झाकण घट्ट लावून, खाण्यासाठी ठेवली आहे असं सुनेनं सांगितलं.

उठता उठता तिनं विचारलं, बाळाला आठवा महिना लागलाय, त्याला बोटाला लावून चाटवला तर चालेल ना? मी नाही म्हटलं. मघाशी सांगितले तेच बीजाणू वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि त्यांचं विष बाळाला लुळं करू शकतं. पहिला वाढदिवस होईपर्यंत नाही, थेंबभरही नाही. काकींनी मान डोलावली आणि बोटांवर महिने मोजले. "म्हणजे नोव्हेंबर," त्या सुनेला म्हणाल्या.